दोनशे मैल : राष्ट्रांच्या समाजात कायदा कसा रुजतो

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून सरळ पश्चिमेला निघाले, तर दोनशे सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, पाण्यातल्या माशांवर आणि तळाखालच्या तेल-वायूवर भारताचा हक्क चालतो. केनियातल्या मोंबासाहून पूर्वेला निघा किंवा चिलीतल्या वालपराइसोहून पश्चिमेला, आकडा तोच. त्यामागे निसर्गाचा काही नियम असावा असे वाटते, पण तसे नाही. मासे दोनशेव्या मैलावर थांबत नाहीत, प्रवाह वळत नाहीत आणि समुद्राचा तळही तिथे ठरवून खचत नाही.

मग हा आकडा आला कुठून? शोध घेत मागे गेले की आपण एखाद्या प्रयोगशाळेत किंवा महासत्तेच्या युद्धखात्यात पोचत नाही. पोचतो ते चिलीतल्या देवमाशांचा धंदा करणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेलाचा आणि चरबीचा तुटवडा पडला आणि या कंपनीने किनाऱ्याजवळ देवमाशांची शिकार वाढवली. युद्ध संपताच युरोपचे मोठे ताफे दक्षिणेकडच्या समुद्रात परत येणार, ही तिची धास्ती होती. सरकारने आपल्यापुरता समुद्राचा एक पट्टा राखून ठेवावा, असे तिला वाटे. पण सरकारपुढे जायचे तर हाताशी दाखला हवा. कंपनीच्या वकिलांना तो १९३९च्या पनामा जाहीरनाम्यात सापडला. युद्ध आपल्या दारात येऊ नये म्हणून अमेरिका खंडातल्या प्रजासत्ताकांनी तेव्हा किनाऱ्याभोवती एक तटस्थ पट्टा आखला होता. एका नियतकालिकात छापलेल्या नकाशात चिलीपुढे तो पट्टा साधारण दोनशे मैलांचा दिसत होता. तेवढा आधार पुरला. १९४७च्या जूनमध्ये चिलीच्या राष्ट्राध्यक्षांनी दोनशे मैलांची घोषणा केली आणि १ ऑगस्टला पेरूने तिचा कित्ता गिरवला.

युद्ध टाळण्यासाठी आखलेली, नकाशावर अंदाजाने उमटलेली ही रेघ पस्तीस वर्षांनी जगाच्या सागरी कायद्यात जाऊन बसली. ती कशी बसली हे नीट पाहिले, तर देश आंतरराष्ट्रीय कायदा कसा घडवतात याचे बरेचसे उत्तर मिळते.

तिसरे उत्तर

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले म्हणजे बळी तो कान पिळी. बलाढ्य देश आपल्या सोयीचे नियम करतात आणि बाकीचे मान तुकवतात. दुसरे उत्तर व्यवहारी माणसाचे. देश एकत्र बसतात, नफा-तोटा मांडतात, सर्वांना परवडेल असा सौदा करून सह्या करतात. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण देश म्हणजे एकेकटा, एकाच मनाचा, आपले हित कशात आहे हे आधीपासून पक्के ठाऊक असलेला गृहस्थ, असे दोन्ही धरून चालतात.

समाजशास्त्राच्या अंगाने पाहणारे अभ्यासक इथेच हरकत घेतात. स्विस कायदेपंडित मॅक्स हूबर यांनी १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याच्या समाजशास्त्रीय पायाविषयी लिहिले. कायदा ज्या समाजात नांदतो तो समाज पाहिल्याशिवाय कायदा कळायचा नाही, ही त्यांची भूमिका होती. हेच हूबर पुढे राष्ट्रसंघाच्या काळातल्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष झाले. १९२८ मध्ये पाल्मास बेटाच्या वादात लवाद म्हणून त्यांनी निवाडा दिला की, बेट आधी कोणी पाहिले एवढ्याने मालकी ठरत नाही. तिथे सातत्याने, शांतपणे कारभार कोण चालवत आले आणि इतरांनी तो चालू दिला का, हे पाहावे लागते. फ्रान्समध्ये जॉर्ज सेल यांनी आणखी एक बाब पुढे आणली. राष्ट्रांच्या समाजाला वेगळे विधिमंडळ नाही, वेगळे पोलीस नाहीत. त्यामुळे प्रत्येक देशाच्या मंत्र्या-अधिकाऱ्यांनाच दोन कामे करावी लागतात. ते स्वतःच्या देशाचे असतात आणि त्याच वेळी साऱ्या समाजाच्या वतीनेही कायदा चालवत असतात.

अलीकडच्या काळात रायन गुडमन आणि डेरेक जिंक्स या अमेरिकी अभ्यासकांनी देशांचे वागणे बदलण्याच्या तीन वाटा मांडल्या. एक दबाव. दुसरी पटवून देणे. तिसरी वळण लागणे, म्हणजे आपल्यासारखे बाकीचे जसे वागतात तसे वागणे, कारण तसे न वागणारा देश पुरता देश वाटत नाही. दोनशे मैलांच्या प्रवासात या तिन्ही वाटा लागतात.

तोफेचा पल्ला आणि आंग्र्यांचे दस्तक

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागराचा व्यापार आपल्या मुठीत ठेवायचा प्रयत्न केला. जहाजांनी त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतलाच पाहिजे, नाहीतर जहाज जप्त. ही मक्तेदारी मोडू पाहणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीने १६०३ मध्ये सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज धरले आणि त्या कृत्याचे समर्थन करण्याचे काम ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाकडे दिले. त्यातूनच १६०९ मध्ये ‘मुक्त समुद्र’ हा त्याचा प्रसिद्ध सिद्धान्त छापून आला. समुद्र कुणाच्या बापाचा नाही, हे तत्त्व एका व्यापारी कंपनीच्या वकिलाच्या लेखणीतून उतरले होते. चार्ल्स अलेक्झांड्रोविच आणि आपल्याकडचे आर. पी. आनंद या अभ्यासकांनी दाखवून दिले की, ग्रोशियसच्या आधी कितीतरी शतके अरब, गुजराती, मलबारी आणि मलायी व्यापारी हिंदी महासागरात मोकळेपणाने ये-जा करत होते. प्रथा इथली होती, पण तिची नोंद युरोपच्या नावावर झाली.

अठराव्या शतकात सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक सुरू केले. आंग्र्यांचे दस्तक नसलेले व्यापारी जहाज पकडले जाई. पोर्तुगीजांचे कार्ताझ आणि आंग्र्यांचे दस्तक, व्यवहार एकच. तरी मुंबईच्या इंग्रजांच्या कागदांत आंग्रे ‘चाचे’ ठरले. काय केले यापेक्षा कोणी केले यावर त्याला कायदा म्हणायचे की दरोडा हे ठरत होते. समाजशास्त्राचा पहिला प्रश्न म्हणूनच असा असतो की, नियम ठरवणाऱ्या मंडळीत कोणाला बसायला जागा होती?

त्या मंडळींनी पुढे मुक्त समुद्राला एक अपवाद मान्य केला. किनाऱ्यावरून तोफेचा गोळा जेवढा जाईल तेवढे पाणी किनाऱ्याच्या मालकाचे. पुढे त्याचा ढोबळ आकडा तीन मैल धरला गेला आणि ब्रिटिश आरमाराच्या छायेत तो जवळजवळ दीडशे वर्षे टिकला. मोठे आरमार आणि दूरवर जाणारे मच्छीमार ताफे असणाऱ्या देशांना अरुंद पट्टा सोयीचा होता, कारण इतरांच्या किनाऱ्याजवळ जाता येत होते.

ट्रुमन यांनी उघडलेले दार

तीन मैलांचा हा आकडा मोडायला सुरुवात केली ती महासत्तेनेच. २८ सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी दोन घोषणा केल्या. एक, अमेरिकेला लागून असलेल्या भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यापुढे उथळ पाण्याखाली पसरलेल्या जमिनीच्या, तळाखालची संपत्ती अमेरिकेची. दोन, किनाऱ्याजवळच्या खुल्या समुद्रात मासे राखण्यासाठी अमेरिका संरक्षित क्षेत्रे आखू शकते. वरचे पाणी मात्र खुलेच राहील, असेही बजावले होते. डोळा तेलावर होता आणि आपण फार मोजके मागतो आहोत असे वॉशिंग्टनला वाटत होते.

गृहनिर्माण सोसायटीत एखाद्या वजनदार सभासदाने सामायिक जागेत गॅलरी वाढवली की काय होते, हे आपण पाहतो. त्याने कितीही सांगितले की माझी गोष्ट वेगळी आहे, तरी वर्षभरात पाच गॅलऱ्या वाढतात आणि प्रत्येक जण त्याच्याकडे बोट दाखवतो. ट्रुमन यांच्या घोषणेचे तेच झाले. चिली आणि पेरूपुढचा तळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल दरीत उतरतो. भूखंडमंच अगदी अरुंद, म्हणून त्यावरचा हक्क कवडीमोलाचा. त्यांची खरी दौलत पाण्यात होती. हम्बोल्ट प्रवाहामुळे तिथला समुद्र जगातल्या सर्वांत समृद्ध मत्स्यक्षेत्रांपैकी एक. मग त्यांचा युक्तिवाद असा झाला की, निसर्गाने तुम्हांला भूखंडमंच दिला तो तुम्ही घेतलात, आम्हांला प्रवाह दिला तो आम्ही घेतो. १८ ऑगस्ट १९५२ रोजी चिली, पेरू आणि इक्वेडोर यांनी सँटियागो जाहीरनाम्यात मिळून दोनशे मैलांचा हक्क सांगितला.

मोठ्या देशांनी निषेधाचे खलिते धाडले. पण कागदी दावा आणि अंमल यांतला फरक दोनच वर्षांत दिसला. नोव्हेंबर १९५४ मध्ये जहाजसम्राट अ‍ॅरिस्टॉटल ओनासिस यांचा पनामाच्या झेंड्याखालचा ताफा पेरूच्या किनाऱ्यापासून दूर देवमासे मारत होता. पेरूच्या आरमाराने आणि विमानांनी त्यातली काही जहाजे, ‘ऑलिंपिक चॅलेंजर’ या तरंगत्या कारखान्यासकट, धरून बंदरात आणली. दंड ठोठावला तीस लाख डॉलर. तो भरला गेला तेव्हा जहाजे सुटली. निषेध करणाऱ्यांचे खलिते दप्तरात राहिले आणि दंडाची पावती मात्र पुढच्या प्रत्येक दाव्याला दाखला म्हणून उपयोगी पडली.

एका देशाची चार तोंडे

अमेरिकेची या काळातली कसरत पाहिली की ‘देशाचे हित’ हा शब्दप्रयोग किती ढिला आहे ते कळते. तेल कंपन्यांना तळावर रुंद हक्क हवा होता. आरमाराला पट्टे अरुंद हवे होते, कारण युद्धनौका आणि पाणबुड्या जगभर मोकळ्या फिरायला हव्यात. कॅलिफोर्नियाचे ट्यूना पकडणारे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात, म्हणून त्यांना दोनशे मैल नको. न्यू इंग्लंडच्या मच्छीमारांच्या दारात सोव्हिएत आणि युरोपीय ट्रॉलर उभे, म्हणून त्यांना दोनशे मैल हवेच.

इक्वेडोर आणि पेरू अमेरिकी ट्यूना बोटी धरू लागले, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने १९५४ मध्ये कायदा करून बोटमालकांना दंडाची भरपाई सरकारी खजिन्यातून द्यायची सोय केली. म्हणजे अमेरिका दावा मान्य करत नव्हती, पण त्या दाव्याखालचा दंड प्रत्यक्षात तीच सोसत होती. अखेर घरातल्या भांडणात न्यू इंग्लंडची बाजू वरचढ झाली. १९७६ मध्ये अमेरिकेने स्वतःच दोनशे मैलांचे मत्स्यक्षेत्र जाहीर केले. परराष्ट्र खाते आणि आरमार यांचा त्याला विरोध होता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की देशाने मत बदलले. आत पाहिले तर चारही तोंडे आपापलेच बोलत होती. बदलले ते एवढेच की, त्यांतल्या कोणाचा आवाज सरकारी ठरला.

जाळी कापणारा देश

दबावाची वाट बलाढ्यांचीच असते, हा समज आइसलँडने खोटा पाडला. लोकसंख्या दोन लाखांच्या थोडी वर, सैन्य नाही, निर्यातीचा बहुतांश भाग मासळीचा. या देशाने १९५८ मध्ये मासेमारीची हद्द बारा मैलांवर नेली, १९७२ मध्ये पन्नासवर आणि १९७५ मध्ये दोनशेवर. प्रत्येक वेळी ब्रिटिश ट्रॉलर आपल्या आरमाराच्या पहाऱ्यात त्या पाण्यात जाळी टाकत राहिले.

आइसलँडच्या तटरक्षकांकडे मोजक्या गस्ती नौका होत्या. त्यांनी एक साधे हत्यार बनवले. गस्ती नौकेच्या मागे तारेने ओढायचा धारदार दातांचा आकडा. ट्रॉलर पोलादी दोरांनी जड जाळे तळाशी ओढत हळू चालतो. गस्ती नौकेने त्याच्या पाठीमागून आडवे जायचे, आकडा त्या दोरांत अडकायचा आणि दोर तुटायचे. लाखमोलाचे जाळे, आतल्या माशांसह, तळाशी. गोळी झाडली जात नाही, माणूस मरत नाही, पण त्या फेरीचा धंदा बुडतो. सप्टेंबर १९७२ मध्ये हे हत्यार पहिल्यांदा वापरले गेले.

ब्रिटन हेगच्या न्यायालयात गेले. आइसलँड तिथे हजरच राहिले नाही. जुलै १९७४ मध्ये न्यायालयाने दहा विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, पन्नास मैलांची हद्द ब्रिटनवर लादता येणार नाही. आइसलँड बधले नाही, उलट पुढच्याच वर्षी दोनशेवर गेले. युद्धनौका आणि गस्ती नौका एकमेकींवर आदळू लागल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवणारा नाटोचा केफ्लाविक तळ त्याच बेटावर होता आणि तो बंद होण्याची भीती सर्वांना होती. १ जून १९७६ रोजी ब्रिटनने करार करून माघार घेतली. त्याच वर्षी ब्रिटनने कायदा करून स्वतःभोवती दोनशे मैलांचे मत्स्यक्षेत्र आखले. १९७४ मध्ये पन्नास मैलांविरुद्ध न्यायालयात लढणारा देश अडीच वर्षांत दोनशे मैलांचा मालक झाला.

नुसत्या बळाच्या हिशेबाने हे उलगडत नाही. आइसलँडचा दबाव चालला, कारण जग त्याच्या बाजूने सरकत होते आणि ब्रिटनलाही ते दिसत होते.

गरजेआधी आलेला हक्क

जग सरकत होते ते मुख्यतः तिसऱ्या वाटेने. १९५० ते १९७५ या काळात आशिया-आफ्रिकेत डझनावारी देश स्वतंत्र झाले. स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ जॉन मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ च्या एका लेखात एक कल्पना मांडली. आजवर कुणाला न सापडलेले एखादे बेट उद्या सापडले, तर थोड्याच काळात तिथे काय काय असेल? मंत्रालये, शाळा, जनगणना आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व. त्या बेटाला या साऱ्याची गरज आहे का, हे कोणी विचारणार नाही. देश असणे म्हणजे काय याचा साचा जगात तयार आहे. नवा देश त्यात ओतला जातो.

भारताची नोंद पाहा. ट्रुमन यांच्या घोषणेनंतर दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, भारताने आपल्या भूखंडमंचावर हक्क जाहीर केला. तेव्हा समुद्रात विहीर खणणे तर सोडाच, तेल आणि नैसर्गिक वायू आयोगसुद्धा पुरता उभा राहिलेला नव्हता. तो १९५६चा. ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या खोदाई-मंचावरून मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले ते १९७४ मध्ये, म्हणजे हक्क सांगितल्यानंतर एकोणीस वर्षांनी. मुंबई हायच्या तेलावर भारताचा हक्क कोणाला नाकारता आला नाही. त्याची तजवीज, गरज उभी राहण्याच्या कितीतरी आधी, इतर देशांकडे पाहून झालेली होती. किनाऱ्यालगतच्या प्रादेशिक पाण्याचेही तसेच. १९५६ मध्ये सहा मैल, १९६७ मध्ये बारा.

दोनशे मैलांना ‘अनन्य आर्थिक क्षेत्र’ हे रूप दिले ते केनियाने. आशियाई-आफ्रिकी कायदेविषयक सल्लागार समितीच्या बैठकांत, आधी १९७१ मध्ये कोलंबोत आणि मग १९७२ मध्ये लागोसला, केनियाच्या फ्रँक न्जेंगा यांनी ती मांडणी केली. पाण्यावर सार्वभौमत्व नको, फक्त साधनसंपत्तीवर हक्क हवा. जहाजांची ये-जा मोकळी. ज्यांना लॅटिन अमेरिकेचा सरसकट दावा अति वाटत होता, त्यांनाही हा मधला मार्ग पटला. इथे दुसरी वाट, पटवून देण्याची, उपयोगी पडली. शब्द जुळले की अडलेले सौदे सुटतात. आकडा मात्र कोणीच नव्याने मोजला नाही. देवमाशांच्या कंपनीचा दोनशे तसाच पुढे आला, कारण तो आता ‘आपला’ म्हणजे दक्षिणेकडच्या देशांचा आकडा झाला होता.

भारताने चाळिसावी घटनादुरुस्ती आणि १९७६चा सागरी क्षेत्र कायदा करून दोनशे मैल स्वतःच्या पुस्तकात घेतले, जागतिक करार होण्याच्या सहा वर्षे आधी.

काराकासचे सभागृह

संयुक्त राष्ट्रसंघाची तिसरी सागरी कायदा परिषद डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झाली. १९७४च्या उन्हाळ्यात व्हेनेझुएलाची राजधानी काराकास इथे तिचे पहिले मोठे अधिवेशन भरले. सुमारे १४० देश आले होते. श्रीलंकेचे हॅमिल्टन शर्ली अमेरसिंघे अध्यक्ष होते. त्यांच्या निधनानंतर ती जबाबदारी सिंगापूरचे टॉमी कोह यांच्याकडे आली.

जागतिक राजकारणात तेव्हा शीतयुद्ध होते, पण या सभागृहात गट वेगळेच पडले. किनारा नसलेले नेपाळ आणि ऑस्ट्रिया एका गटात, त्यांच्याबरोबर किनारा असून जागा नसलेले सिंगापूर. रुंद भूखंडमंचवाले दुसऱ्या गटात. आणि अमेरिका व सोव्हिएत संघ चक्क एका बाजूला. बारा मैलांची हद्द सर्वांनी घेतली की जगातल्या शंभराहून अधिक सामुद्रधुन्या कुणा ना कुणाच्या प्रादेशिक पाण्यात जाणार होत्या आणि दोघांनाही आपल्या आरमाराची वाट मोकळी हवी होती. अखेरचा सौदा साधारण असा की, किनाऱ्याच्या देशांना दोनशे मैलांची संपत्ती आणि आरमारवाल्यांना सामुद्रधुन्यांतून बिनअडथळा मार्ग.

पण सौदा ज्या पद्धतीने जमला तीही महत्त्वाची आहे. मतदान शक्यतो घ्यायचे नाही, आधी एकमताची पराकाष्ठा करायची, असा समझोता झाला. नॉर्वेचे येन्स एवेन्सन निवडक वकिलांना सभागृहाबाहेर जमवून मसुदे घडवत. १९७५ मध्ये समित्यांच्या अध्यक्षांनी स्वतःच्या जबाबदारीवर एक अनौपचारिक मसुदा वाटला. त्यावर कोणाचे मत घेतले नव्हते, तरी वाटल्या क्षणापासून ओझे फिरले. आता मजकूर ठेवण्यासाठी नव्हे, तर बदलण्यासाठी उठून बोलावे लागत होते. वर्षानुवर्षे तीच माणसे त्याच विषयावर एकत्र बसली. अमेरिकी विधिज्ञ ऑस्कर शाख्टर यांनी आंतरराष्ट्रीय वकिलांच्या अशा विखुरलेल्या बिरादरीला ‘अदृश्य विद्यापीठ’ म्हटले होते. त्या बिरादरीतला माणूस मायदेशी परतला की दिल्लीत, नैरोबीत, ऑस्लोत त्याच मसुद्याची वकिली करी.

३० एप्रिल १९८२ रोजी मतदान झालेच. १३० बाजूने, ४ विरुद्ध, १७ तटस्थ. विरोधकांत अमेरिका होती. १० डिसेंबरला जमैकातल्या माँटेगो बे इथे पहिल्याच दिवशी ११९ सह्या झाल्या. ३२० कलमांचा हा करार १९९४ पासून लागू आहे.

कायद्याने घडवलेले देश

एकदा दोनशे मैल मिळाले की ते सांभाळायला यंत्रणा लागते. भारतात १९७७ च्या फेब्रुवारीत तटरक्षक दलाची तात्पुरती उभारणी झाली आणि १९७८ मध्ये त्याचा कायदा आला. १९८१ मध्ये महासागर विकास विभाग निघाला. देशाने कायदा घडवला आणि कायद्याने देशाला नवी खाती, नवे गणवेश, नव्या आकांक्षा दिल्या.

याचा सर्वांत बोलका दाखला गोव्यात आहे. दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी खोल समुद्रतळावरून बहुधात्विक गोळे वर काढले. बटाट्याएवढे हे काळे गोळे, त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट. देशांच्या हद्दीपलीकडचा तळ हा ‘मानवजातीचा समाईक वारसा’ असावा, असे माल्टाचे आर्विद पार्दो यांनी १९६७ मध्ये सुचवले होते आणि विकसनशील देशांनी ते तत्त्व उचलून धरले होते. भारत त्यांच्यात पुढे. पण परिषदेने खनिजांच्या शोधात आधीच गुंतलेल्यांसाठी ‘आद्य गुंतवणूकदार’ असा वर्ग केला, तेव्हा विकसित देशांबरोबर भारताचे नावही त्यात आले. १९८७ मध्ये असा दर्जा नोंदवून घेणारा भारत पहिला देश ठरला आणि मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र त्याला मिळाले. वारशाचा कैवारी आणि वारशाचा अर्जदार, दोन्ही भूमिका एकाच देशाच्या. हित आधी आणि कायदा नंतर, हा क्रम इथे उलटा होतो. कायद्याने एक दर्जा निर्माण केला आणि तो मिळवणे हेच हित होऊन बसले.

अमेरिकेने आजतागायत हा करार मान्य केलेला नाही. तरी १० मार्च १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी दोनशे मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र जाहीर केले. करारातले बहुतेक नियम रूढी म्हणून पाळू, असेही सांगितले. सही नसताना नियम पाळला जातो तेव्हा त्याला समाजाचे वळण म्हणायचे.

जिथे हे स्पष्टीकरण तोकडे पडते

म्हणून बळाचा प्रश्न सुटला असे नाही. फिलिपिन्सने केलेल्या दाव्यात जुलै २०१६ मध्ये लवादाने दक्षिण चीन समुद्रातल्या चीनच्या ऐतिहासिक हक्कांना करारात आधार नसल्याचे ठरवले. चीनने १९९६ मध्येच करार मान्य केला होता, तरी त्याने निवाडा धुडकावला. अनुकरणाची आणखी एक मेख आहे. साचा घेता येतो, पण तो भरायला पैसा लागतो. पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांचे दोनशे मैल कायद्यात आहेत, पण गस्त घालायला जहाजे नाहीत आणि परदेशी ताफे त्यांच्या पाण्यातले मासे उपसतात. तिथे हक्क कागदावरच आहे.

देशाच्या आतही तेच. महाराष्ट्रात १९८१च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत आहे, त्यापलीकडे केंद्राची. परराज्यांतले वेगवान ट्रॉलर आत घुसून जाळी फाडतात आणि मासळी उपसतात, ही मालवण-देवगडच्या पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार. हद्दीची रेघ आखताना जागतिक परिषदेत ‘किनाऱ्याचा देश’ बोलत होता. त्या देशातला पारंपरिक रापणकर आणि ट्रॉलरमालक यांच्यात हक्काची वाटणी कशी होईल, हे त्या रेघेने ठरवले नाही.

आज समुद्राचा पुढचा कायदा आकार घेतो आहे. दोनशे मैलांपलीकडच्या जैवविविधतेचा करार २०२३ मध्ये मंजूर झाला. खोल तळावरच्या खाणकामाचे नियम वाटाघाटीत आहेत आणि अमेरिकेने २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला वळसा घालून स्वतःच परवाने देण्याची तयारी दाखवली आहे. १९४५ मध्येही सुरुवात अशीच, एका बलाढ्य देशाच्या एकतर्फी घोषणेने झाली होती. तिचा शेवट मात्र घोषणा करणाऱ्याच्या मनासारखा झाला नाही. या वेळी काय होईल ते त्या घोषणेच्या मजकुरात सापडणार नाही. त्यासाठी पाहायला हवे की, तिच्याकडे बोट दाखवून दुसरे कोण काय मागते, कोणत्या देशात कोणता धंदा सरकारच्या तोंडून बोलतो, आणि मसुदा लिहिणाऱ्यांच्या खोलीत कोणाला अजून बोलावलेलेच नाही.